मुंगीनं नापास केलेलं दूध

माणसाच्या तोंडात बघायला डॉक्टरच लागतो असं मला कोणी सांगू नये. तोंड उघडायचं, उजेडाकडे करायचं आणि बघायचं, एवढंच काम आहे. पण मी सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. त्या काळात मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाहिली. ती पोट बघत, नाडी बघत, भिंतीवरचं घड्याळ तर फारच बघत. पंधरा दिवसांच्या पोराचं तोंड उघडून बघणारा त्यांच्यात एखादाच.

मागच्या वर्षी पिंप्राळ्यात माझ्या पुतण्याच्या घरी नातू झाला. पोर दूध धरेना. जळगावात दाखवलं, तिथे जिभेखालचा पडदा कापला, पोर प्यायला लागलं. घरी आल्यावर त्या पोराच्या बापानं मला मोबाइलवर चित्रं दाखवून समजावलं, "आबा, याला टंग टाय म्हणतात. पूर्वी लोकांना हे माहीतच नव्हतं."

मी विचारलं, "पूर्वी म्हणजे कधी?"

"म्हणजे तुमच्या काळात."

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. ते निवायच्या आत लिहून टाकतो. निवल्यावर मी लिहिणारा माणूस नाही.

आमच्या काळात माहीत होतं, बाबा. ज्यांना माहीत होतं ती माणसं खुर्चीवर नव्हती, एवढंच. ती स्टुलावर होती. त्यातला एक मी.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि ड्रेसर झालो. ड्रेसर म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. जखम धुणं, पू काढणं, गळवाला पोटीस लावणं, पट्टी बांधणं, कात्र्या-चिमटे उकळणं, टाके घालताना माणसाला धरून ठेवणं. डॉक्टर कापतो ते दोन मिनिटं. पुढचे पंधरा दिवस ती जखम ड्रेसरची. लोक मला पट्टीवाला म्हणत. शहाणे लोक सुपडूभाऊ म्हणत. साहेब नुसतं "ए" म्हणत.

साठ सालानंतरची ही गोष्ट. जळगाव-धुळे रस्त्यावर एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडं अजून तिथे गादीवर बसतात, आणि मला वाईटपणा घ्यायचा असेल तर मी तो तोंडावर घेतो, छापून घेत नाही. दवाखाना म्हणजे एक ओटा, दोन खोल्या, बायकांच्या चार खाटा. एक साहेब, एक नर्स, एक कंपाउंडर आणि मी. साहेब नवीन होते, पुण्याकडून आलेले. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की औषधाची चिठ्ठी देवघरात लावावी. माणूसही वाईट नव्हता. फक्त रोगी आपल्या पुस्तकाप्रमाणे आजारी पडत नाहीत याचा त्यांना राग यायचा.

आता जिभेचं सांगतो. जिभेच्या खाली मधोमध एक पातळ पडदा असतो. आरशात बघा, तुम्हालाही आहे. एखाद्या पोराचा हा पडदा आखूड असतो, थेट जिभेच्या शेंड्यापर्यंत आलेला. मग जीभ पुढे येत नाही, वर उचलत नाही. पोर रडलं की शेंड्याला मध्ये खाच पडलेली दिसते. अंगावर घेतलं की पोर दूध ओढत नाही, नुसतं हिरड्यांनी चावतं. टच टच आवाज येतो, दूध गालावरून खाली जातं. दमून झोपतं, पाव तासात भुकेनं उठतं. आईच्या छातीला भेगा पडतात, रक्त येतं. पोर वाळत जातं. आणि हे सगळं चाललेलं असताना घरातले दहा लोक दहा कारणं सांगतात. कोणी म्हणतं दृष्ट, कोणी म्हणतं दूध जड आहे, कोणी म्हणतं बाईनं उन्हात पाणी भरलं. तोंड उघडून कोणीच बघत नाही, कारण तोंडात काय असणार? जीभच ना!

ज्यांना कळायचं त्यांचीही एक तऱ्हा होती. एक सुईण करंगळीचं नख वाढवून ठेवायची आणि त्यानं तो पडदा फाडायची. नख शेणामातीचं. त्यातली काही पोरं प्यायला लागत, तेव्हा सुईणीचं नाव होई. काही आठव्या दिवशी धनुर्वातानं आखडत, तेव्हा देवाचं नाव होई.

मला हे शिकवलं आमच्या नर्सनं. रूथ सिस्टर, नवापूरकडची ख्रिस्ती बाई, पन्नाशीची, बोलायला तिखट. तिनं माझी नखं कापायला लावली, हात दोनदा धुवायला लावले, आणि एका पोराच्या तोंडात माझी करंगळी घालून म्हणाली, "टाळूला लाव. ओढतंय?"

"ओढतंय."

"जीभ बोटाच्या खालून पुढे येते का?"

"येते."

"मग ठीक. ज्याची येणार नाही त्याचं तोंड उघड आणि खाली बघ. शिकलास. आता डॉक्टरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

त्या दिवशी मी घरी गेलो आणि जेवलो नाही. कारण सांगतो. त्याच्या चार वर्षं आधी माझी पहिली मुलगी गेली होती. एक महिन्याची. दूध धरत नव्हती. माझी आई बायकोला म्हणायची, "तुन्हं दूधच जड शे. पोर पेत नही त्यामा पोरीनी काय चूक?" आणि मी, सरकारी दवाखान्यात लोकांची गळवं फोडणारा, खाली मान घालून ऐकत होतो. एकदा म्हणून पोरीचं तोंड उघडून बघितलं नाही. तिची जीभ बांधलेली होती का? मला माहीत नाही. बघितलंच नाही तर काय सांगू. बायकोनं पुढची चाळीस वर्षं मला हे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी लोकांच्या मूर्खपणावर लिहितोय ते गादीवर बसून नाही. मीही त्याच रांगेत उभा राहून आलोय.

आमच्या गावात कापडाचं एक मोठं दुकान होतं. माणसं मूळची राजस्थानची, पण तीन पिढ्या खान्देशात. घरात हुकूम चाले तो म्हातारीचा. सगळा गाव तिला माजी म्हणायचा. तिचा मुलगा मोतीलाल, दुकानात गिऱ्हाइकाला मधासारखा आणि घरात मुका. त्याची बायको कमला, वीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, मुलगा झालेला. एका सकाळी माजी, मोतीलाल, कमला आणि बाळ असे चौघे दवाखान्यात आले. कमलेला ताप होता, छातीत गाठ झाली होती. रूथ सिस्टर तिला पडद्याआड घेऊन गेली. बाळ बाहेर माजीच्या मांडीवर. बारा दिवसांचं पोर, पण कातडी अशी लोंबत होती की वाटावं दुसऱ्याचा सदरा घातलाय. माजी त्याला बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, बकरीचं दूध पाजत होती, पाणी घातलेलं.

मी विचारलं, "माजी, आईचं का नाही देत?"

"जहर आहे तिच्या दुधात."

"कोण म्हणतं?"

"मुंगी मरली ना भाऊ! सगळ्यांसमोर मरली."

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांना सांगतो. आईच्या दुधाबद्दल शंका आली की वाटीत थोडं दूध काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर विषारी. ही रीत एकट्या मारवाड्यांची होती असं समजू नका. आमच्यातही होती, पलीकडच्या आळीतही होती. जातीजातीत पाणी चालत नव्हतं, पण मुंगी सगळ्यांना चालत होती.

आणि शंका का आली? कमलेच्या दुधात लाली दिसली म्हणून. ती लाली रक्ताची. रक्त भेगांचं. भेगा पोराच्या चावण्याच्या. एवढी सरळ साखळी. पण एका टोकाला मुंगी बांधली आणि दुसऱ्या टोकाला सुनेचा गळा. माजीनं कमलेच्या भावाला पत्रही टाकलं होतं, येऊन बहिणीला घेऊन जा म्हणून. पोर मात्र इथेच राहणार. भाऊ पुढच्या मंगळवारी यायचा होता. आणि परत पाठवलेली, विषारी दुधाची बाई माहेरी काय म्हणून राहते हे मी वेगळं सांगायला नको. पोराचं तर त्याहून सोपं होतं. त्या पाणी घातलेल्या दुधावर ते आणखी दोन आठवडेही काढतं असं मला वाटत नव्हतं.

तेवढ्यात पोर रडलं. मी वाकून बघितलं. जिभेच्या शेंड्याला खाच, खालून पांढरी दोरी ताणलेली. मी हात धुऊन करंगळी घातली. जीभ जागची हलेना.

"माजी, याची जीभ बांधलेली आहे. दुधाचा काही दोष नाही."

माजीनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "तू पट्टीवाला ना? मग पट्टी बांध."

पडद्याआड जाऊन मी रूथ सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही तेच वाटलं, या भेगा बघून. साहेबांना तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील नर्स शहाणी झाली. तुला कोणी शहाणा म्हणणार नाही, तुला भीती नाही."

साहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. त्याच सुंदर अक्षरात लिहीत म्हणाले, "जिभेचं बोलण्याच्या वेळी बघतात. दोन वर्षांनी आणा म्हणावं, बोलायला लागल्यावर."

"साहेब, बोलायला लागायला आधी जगायला लागतं."

तेव्हा मान वर झाली. "ए, तू जा. ड्रम उकळायला ठेव."

ड्रम, म्हणजे पट्ट्या-कात्र्यांचा डबा, मी आधीच उकळला होता. ते त्यांना माहीत नव्हतं.

मोतीलालनं हे सगळं ऐकलं होतं. तो मला ओट्याच्या कोपऱ्यात घेऊन गेला आणि हात जोडले. "सुपडूभाऊ, तुम्हीच कापा ना. तुमच्याकडे कात्री आहे."

कात्री होती. उकळलेली होती. हातही थरथरत नव्हता तेव्हा. पण त्या पडद्याच्या दोन बाजूंना रक्ताच्या शिरा असतात, आणि मला जे येत नाही ते मला येत नाही. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांसमोर कबूल केलंय. मी म्हटलं, "धुळ्याला मोठ्या दवाखान्यात चला. उद्या. बाळाच्या आईला घेऊन. मी येतो सोबत."

"माजीला काय सांगू?"

"तुम्हाला मिशा आहेत ना शेठ? त्यांच्यामागे आवाज असेल तर तो काढा."

आवाज निघाला नाही. पण सकाळी एसटीच्या फलाटावर चौघे हजर होते, माजीसकट. तिला नातवावर लक्ष ठेवायचं होतं. मांडीवर बोंडलं आणि पितळी लोटीत बकरीचं दूध.

धुळ्याला एक म्हातारे सर्जन होते. पोर कापडात गुंडाळून मी डोकं धरलं. त्यांनी मध्ये चीर असलेली चपटी पट्टी जिभेखाली सरकवली, पडदा त्या चिरेत आला, बोथट टोकाची कात्री, एक कट. कापसावर रक्ताचे दोन ठिपके. खिशातून विडीचा कट्टा काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं आटपलं होतं.

"कोणी ओळखलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी."

"कसं?"

"तोंड उघडलं, साहेब."

ते हसले. "आता लगेच आईला अंगावर घेऊ द्या. रक्त त्यानंच थांबेल." आणि पुढच्या रोग्याकडे गेले.

माजी व्हरांड्यात आडवी उभी राहिली. "दूध नाही देणार. मुंगी मरली."

सर्जन पुढच्या दारातून हे ऐकून पुन्हा हसले आणि निघून गेले. शिकलेल्या माणसांचं हेच. मूर्खपणा दिसला की हसतात आणि निघून जातात. मग तो मूर्खपणा आमच्या वाटणीला येतो.

माझं डोकं फिरलं आणि घरची अहिराणी तोंडात आली. मी म्हटलं, "बठ्ठं मुंगीलेच इचारानं शे ना? चला, मुंगीलेच इचारूत!" समोरच्या टपरीवरून बशीत चहा आणला. मुंगी कशातही मरते, हे मला दाखवायचं होतं. माजीची लोटी घेऊन बोंडल्यात बकरीचं दूध ओतलं. भिंतीच्या कडेला मुंग्यांची रांग होतीच. तिथे रोग्यांपेक्षा त्यांची वर्दळ जास्त. एक मुंगी चहात टाकली, ती मेली. दुसरी बकरीच्या दुधात टाकली. आणि ती मेली नाही. दूध हलवलं तरी मेली नाही. हातपाय मारत काठाला आली, वर चढली आणि चालती झाली.

व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. माजी त्यांच्याकडे वळली. "बघा! बकरीचं दूध चांगलं. मुंगीनं सांगितलं."

माझी चूक काय झाली ते मला दिसत होतं. मी दुधात टाकला तो मुंगळा होता. काळा, दांडगा. तो विहिरीतूनही पोहून बाहेर आला असता. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं प्रयोग केला की असं होतं.

तेव्हा कमला उठली. तिनं भिंतीजवळ बसून एक लाल, बारीक मुंगी बोटावर घेतली. "त्या दिवशी अशी होती," ती म्हणाली, आणि मुंगी बोंडल्यात सोडली. सगळे वाकून बघत होते. मुंगी दोनदा फिरली आणि मेली.

"आता हेही जहर झालं का, माजी?"

माजी म्हणाली, "तू टाकलीस ना. तुझा हात लागला."

माणसाला हरवता येतं. अशा म्हातारीला हरवता येत नाही. पण जमलेल्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं आणि माजी बाजूला झाली. कमलेनं भिंतीकडे तोंड करून पोर अंगावर घेतलं. मी छाती काढून उभा. आता पोर पिणार आणि माझं नाव होणार.

पोर प्यालं नाही. तोंडात घेतलं, सोडलं, मान मागे टाकली आणि असं किंचाळलं की पलीकडची नर्स धावत आली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माजी म्हणाली, "पोराला पण समजतं." आणि कमलेच्या हातातून पोर घेऊन तिनं त्याला बोंडलं लावलं. त्याच दुधाचं, मेलेली मुंगी काढून टाकून. पोर चुपचाप प्यालं.

परतीच्या बसमध्ये मी सगळ्यांच्या पाठीमागे बसलो. निघायच्या आधी मी आमच्या बाजारात पाच जणांना सांगून आलो होतो की एका कातरीचं काम आहे. आता ते पाचही जण रस्त्यात भेटणार होते.

रूथ सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि मला झापलं. "कात्रीनं दोरी सुटते, सुपडू. सवय सुटत नाही. आठ दिवस बोंडल्यानं पितंय ते, त्यात जीभ लागतच नाही, नुसतं ओतायचं. आणि बाईचं दूध तुम्ही सगळ्यांनी मिळून आटवलंय. आता माझ्याकडे द्या."

तापाच्या आणि गाठीच्या नावाखाली तिनं कमलेला दवाखान्यातच ठेवून घेतलं. साहेब कुरकुरले, खाट अडते म्हणून. खाट रिकामीच होती. सिस्टरची रीत अशी: छातीला गरम पाण्याचं फडकं, गाठ हळूहळू मोकळी करायची, दर दोन तासांनी पोर अंगावर. आणि पोरानं तोंडात घेतलं की चमच्यानं वरून दुधाचे थेंब सोडायचे, छातीवरून ओघळत पोराच्या ओठात जातील असे. म्हणजे पोराला वाटतं, इथून येतंय. मग ते ओढतं. ओढलं की आईलाही पान्हा फुटतो. माझ्याकडे फडकी उकळण्याचं काम. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतकी फडकी मी दुसऱ्या कोणासाठी उकळली नाहीत.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पोर वरचे थेंब चाटायचं आणि रडायचं. शनिवारी पडद्याआडून सिस्टरचा आवाज आला, "अगं, आत्ता दोनदा ओढलं." मंगळवार जवळ येत होता. माजी रोज दुपारी यायची, दारात उभी राहून बघायची, आणि "भाऊ येतोय" एवढंच म्हणून जायची.

रविवारी सकाळी शेजारच्या खाटेवर हात मोडलेली एक शेतकरीण होती, ती एकदम ओरडली, "पी ऱ्हायना वं माय! पी ऱ्हायना!" आमच्याकडे 'पितंय' ते असं म्हणतात. मी पडद्याच्या अलीकडे उभा राहिलो. टच टच नव्हतं. गटक, थांबणं, गटक, थांबणं, पुन्हा गटक. असा आवाज मी त्याआधी लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता. सिस्टर चमचा धुऊन ठेवत म्हणाली, "आता वरचं नको."

मला वाटलं, संपलं. माजीला बोलावलं, दाखवलं. ती म्हणाली, "बकरीचं वरून सोडता ना तुम्ही, तेच पितो." सोमवारीही तेच. सिस्टरनं हात टेकले.

सोमवारी दुपारी कमलेनं मला बोलावलं. पडद्याच्या आडूनच म्हणाली, "सुपडूभाऊ, मला कागद पाहिजे."

"कसला?"

"माझं दूध चांगलं आहे असा. शिक्क्याचा. मुंगीचं त्यांनी गावभर सांगितलंय. बाळ प्यालं ते या खोलीतच राहील. उद्या मी गाडीत बसले की मग कोण कुणाला सांगणार?"

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. "असं सर्टिफिकेट कुठल्या पुस्तकात आहे? हा सरकारी दवाखाना आहे, डेअरी नाही. बाळ पितंय ना? मग झालं." साहेबांचं पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. बाळ पितंय म्हणजे झालं, हे पुस्तकात लिहिणाऱ्याला सासू नसावी.

साहेब जेवायला घरी गेले. मी माझ्या स्टुलावर बसलो, एक कोरा केसपेपर घेतला आणि लिहिलं: 'कमलाबाई यांचे दूध तपासले. चांगले आहे. त्यात विष नाही. बाळास पाजावे.' खाली सही केली, सहीखाली ड्रेसर असं लिहिलं, आणि साहेबांच्या टेबलावरचा गोल शिक्का दाबून मारला. अक्षर वाकडं होतं. शिक्का सरळ बसला. तपासलं कुणी, असं कोणी विचारेल. ज्यानं तपासायचं त्यानं तपासलं होतं, मी साक्षीला होतो.

मंगळवारी भाऊ आला. मोठा फेटा, गरीब चेहरा, बहिणीकडे बघायची हिंमत नाही. माजीनं कमलेची ट्रंक दवाखान्याच्या ओट्यावर आणूनच ठेवली होती. कमलेनं कागद नवऱ्याच्या हातात दिला. मोतीलालनं तो दोन्ही हातांनी धरला आणि वाचला. मोठ्यानं वाचला. मिशांमागे आवाज होता तर! शेवटी सहीशी आला तेव्हा मी डोळे मिटले. पण त्यानं सही वाचलीच नाही. "सरकारी शिक्का," असं म्हणून त्यानं कागद घडी केला आणि खिशात ठेवला. त्या माणसाला अक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

माजीनं विचारलं, "सरकारनं लिहून दिलं?"

"सरकारनं."

"मग पहिल्या दिवशी का नाही दिलं?"

भाऊ उठून उभा राहिला आणि ट्रंकेला हात घातला. कमला म्हणाली, "भैया, ती राहू दे. तू चहा घे आणि संध्याकाळच्या गाडीनं जा." ती बाळाला घेऊन नवऱ्याच्या मागून चालायला लागली. ट्रंक मोतीलालनं उचलली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी आणखी मोठा झालो असतो. पण आठ दिवसांनी माजी पुन्हा दवाखान्यात आली. सोबत आळीतल्या दोन सासवा. त्यांच्याही सुनांच्या दुधाची शंका होती आणि त्यांनाही कागद पाहिजे होता. माजी थेट साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "मुंगी नको आता. शिक्का मारून द्या."

साहेबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

मला मेमो मिळाला. त्या सुंदर अक्षरात. अधिकार नसताना सरकारी शिक्का वापरून वैद्यकीय दाखला का दिला, याचा लेखी खुलासा करावा. रूथ सिस्टर म्हणाली माफी माग, संपेल. कंपाउंडर म्हणाला माफी माग. मी मागितली नाही. ठपका बसला, माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं चढला, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. माफी न मागणं हा शहाणपणा होता असं मी म्हणत नाही. पण खुलासा मी लिहिला. दोन ओळींचा. कंपाउंडरला दाखवला तर तो म्हणाला, "हा खुलासा नाही, हे भांडण आहे." मी तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला:

'अधिकार नसताना दाखला दिला हे खरे आहे. दाखल्यात लिहिले तेही खरे आहे.'